झाकणावरची पिवळी रेघ

जुनी मोटारसायकल गाळ्यावर आली की मी तिला लगेच किक मारत नाही. आणणाऱ्याला याचा राग येतो. लांबून टेम्पोत घालून आणलेली असते आणि मिस्त्री स्टूल ओढून इंजिनाशेजारी नुसता बसून राहतो. मी स्क्रू बघत असतो. त्यांच्या डोक्यावरच्या खाचा खरवडल्या आहेत का, एकाच झाकणाला तीन जातींचे स्क्रू आहेत का, सांध्यातून लाल सीलंट बाहेर आलंय का. माझ्या आधी इथे कोण हात घालून गेलं ते मला पहिल्यांदा कळावं लागतं. चाळीस-पन्नास वर्षांच्या इंजिनात मूळ कारखान्याची चूक सहसा शिल्लक राहत नाही. जी सापडते ती मधल्या कुणाची तरी असते, आणि तो माणूस बहुधा भला असतो.

माझा गाळा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. आयटीआय करून मी एका कंपनीच्या टूलरूममध्ये लागलो आणि उमेदीची वर्षं मापं घेण्यात घालवली. पुढे गाळा घेतला तो चाकणच्या कंपन्यांना लागणारे छोटे भाग टर्निंग करून द्यायला. जुन्या गाड्या फक्त रविवारी, हौस म्हणून. हळूहळू रविवार सोमवारवर सरकला, मग मंगळवारवर, आणि आता लेथ मशीन एका कोपऱ्यात आणि बाकी सगळीकडे इंजिनं अशी अवस्था आहे.

या अंकाचे संपादक माझे गिऱ्हाईक. त्यांनी कामाविषयी लिहायला सांगितलं, तेही ज्यांनी कधी पाना हातात धरला नाही त्यांना कळेल असं. घरी हे सांगितलं तेव्हा आमची कल्पना, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "लोकांच्या चुका काढून पोट भरता ते भरता, आता त्या छापणार पण का?"

तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. म्हणून चुका करणाऱ्यांची बाजू घेऊनच लिहितो.

मोशीच्या एका गृहस्थांची गाडी निळा धूर काढायची. दोन ठिकाणी दाखवून झाली होती. पिस्टनला तीन रिंगा असतात आणि प्रत्येक रिंग एका जागी कापलेली असते. हे काप एकमेकांपासून लांब ठेवायचे असतात, म्हणजे ऑइलला सरळ वर यायला वाट मिळत नाही. या गाडीत तिन्ही काप एकाखाली एक, ओळंब्यात धरल्यासारखे होते. चौकशी केली तर आधीचा मालक शिंपी होता. माणसाने काम किती नेटकं केलं होतं! शर्टाची बटणं अशीच लावतात. मी काप फिरवले, बाकी काही केलं नाही.

दुसऱ्या एका गाडीत ऑइल गळू नये म्हणून कुणीतरी प्रत्येक सांध्याला सीलंट इतकं भरलं होतं, की जादा झालेलं आत सुटून त्याच्या शेवया ऑइलच्या जाळीत जाऊन बसल्या होत्या. ऑइल एक थेंब बाहेर गळत नव्हतं आणि आतही कुठे पोचत नव्हतं. निष्काळजी माणसाच्या इंजिनात काय शोधायचं ते पटकन सापडतं. काळजीवाल्याच्या इंजिनात वेळ लागतो.

सुहासची गाडी त्या दुसऱ्या जातीची होती.

सुहास रहाटणीचा, तिथल्या जुन्या घरांपैकी एका घरातला. चाकणच्या कंपनीत लाइन सुपरवायझर आहे. बायकोला, वैशालीला, घेऊन आला होता. टेम्पोतून साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची जुनी फोर-स्ट्रोक गाडी उतरवली. वर्षानुवर्षं जिन्याखाली उभी असल्याने टायर बसलेले, सीटवर पोरांनी पेनाने गिरवलेलं.

"दादा, गाडी चालू करून नकोय," सुहास म्हणाला.

"मग?"

"इंजिन उघडा. आत काय झालं होतं तेवढं सांगा. मग पाहिजे तर तशीच बांधून द्या."

असं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं. मी चहा सांगितला आणि दोघांना बसवलं.

गाडी सुहासच्या वडिलांची, तात्यांची. तात्या पिंपरीतल्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला भाग गाडीत बसायला जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून जायचा. सुहासच्या लग्नाच्या वर्षी ते नुकतेच निवृत्त झाले होते. मुलाला काय द्यावं याचा विचार करून त्यांनी आपल्याच गाडीचं इंजिन घराच्या ओट्यावर उघडलं, नवा पिस्टन, नवं बेअरिंग आणलं आणि कित्येक महिने खपून स्वतःच्या हाताने सगळं जोडलं. लग्नानंतर किल्ली सुहासच्या हातात दिली. अट एकच होती. पहिले आठशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही.

ही अट का, ते सांगतो. नव्या पिस्टनला आणि सिलिंडरला एकमेकांची सवय व्हावी लागते. दोघांमध्ये जेमतेम केसाच्या जाडीएवढी मोकळीक असते. सुरुवातीलाच गाडी पळवली तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला घासतो. म्हणून आधी हळू चालवून इंजिन रुळवायचं. याला रनिंग-इन म्हणतात.

सुहास वैशालीला मागे बसवून तिच्या माहेरी, खेडकडे निघाला. चाकण ओलांडल्यावर इंजिनातून टकटक सुरू झाली आणि थोड्या वेळाने इंजिन जाम. गाडी टेम्पोत घालून घरी आणली, तर तात्या दारातच उभे.

"मला विचारलं, किती पळवलीस? मी म्हटलं, चाळीस. म्हणाले, इन्स्पेक्शन मी केलंय, माझ्या कामात फॉल्ट न्हाई. ऐंशीनं हाणल्याबिगर इंजिन जाम होत न्हाई. नवी बायको मागं बसली की समद्यांचंच होतं असं."

"अहो दादा," वैशाली मध्येच म्हणाली, "सायकलवाले आम्हाला ओव्हरटेक करत होते! शाळेची पोरं मागे वळून हसत गेली. मीच म्हणत होते, जरा तरी चालवा, माहेरी पोचेपर्यंत जेवणं उरकतील. पण नव्या सुनेला कोण विचारतंय? उलट एक मावशी म्हणाल्या, पोरीचा पायगुण."

तात्यांच्या कंपनीत एक नियम होता, तो आजही बऱ्याच कंपन्यांत आहे. पीस नापास झाला की ज्याने बिघडवला त्याच्याकडेच परत जातो. ज्याचा फॉल्ट, त्याचं रीवर्क. तात्यांनी हा नियम घरी लावला. ज्याने इंजिन बिघडवलं त्याने उघडावं. सुहासचं म्हणणं, मी बिघडवलं नाही, मग मी का उघडू? दोघेही नियमाला धरून होते, म्हणून गाडी पंधराएक वर्षं जिन्याखाली राहिली.

"म्हणजे बोलणं बंद होतं?" मी विचारलं.

"छे. एका ताटात जेवतो. पण कशाचाही विषय निघाला की तात्या 'आमच्या सुहासकडं काय सोपवलं की' एवढंच म्हणतात आणि थांबतात. वरचा मजला बांधला तर देखरेखीला मेव्हण्याला बोलावलं. मी घरातच होतो."

"मग आजच का आणलीत?"

त्याने कपातला चहा हलवला. "तात्यांना ऐकू येईनासं झालंय. सगळा जन्म मशिनींच्या आवाजात गेला ना. आणखी थोड्या दिवसांनी कुणी काही सांगितलं तरी उपयोग नाही."

"तुम्हाला स्वतःला तर माहीत आहे, किती पळवली."

"माहीत होतं दादा. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून आता माझं मलाच वाटायला लागलंय, की एखाद्या उतारावर गेली असेल पन्नास. साठसुद्धा."

मी त्याला माझी अट सांगितली. इंजिन जे सांगेल तेच मी सांगणार. साठ म्हणालं तर साठ.

"चालेल," तो म्हणाला.

काम त्याच्या साप्ताहिक सुट्टीला धरलं, कारण दोघांनाही समोर हजर राहायचं होतं. स्टुलावर बसलो आणि नेहमीसारखे स्क्रू बघायला लागलो. धूळ पुसली तशी प्रत्येक स्क्रूवर एक बारीक पिवळी रेघ दिसायला लागली. स्क्रूच्या डोक्यावरून निघून शेजारच्या झाकणावर उतरलेली. ही कारखान्याची पद्धत. स्क्रू योग्य ताकदीने आवळला आणि तपासला, की इन्स्पेक्टर त्यावर अशी रेघ ओढतो. नंतर कुणी स्क्रू हलवला तर रेघ तुटते. इथे एकही रेघ तुटलेली नव्हती. म्हणजे या इंजिनात तात्यांनंतर कुणीही हात घातलेला नव्हता. आत जे काही सापडेल ते एक तर त्यांचं, नाही तर सुहासचं. तिसरा माणूसच नाही. माझ्या कामात इतका स्वच्छ खटला क्वचित मिळतो आणि तो मिळाल्याचा मला आनंद झाला नाही.

वरून खाली उघडत गेलो. हेड, मग सिलिंडर. तात्यांचं काम बघून मी मधून मधून थांबत होतो. रिंगांचे काप बरोबर अंतरावर. पिस्टनवरचा बाण पुढे. पिन अडकवणाऱ्या क्लिपांची तोंडं एकाच दिशेला, जे कुणी बघत नाही आणि मीही नेहमी करत नाही. मायक्रोमीटर लावला. सिलिंडर चार ठिकाणी मोजलं, पिस्टन दोन ठिकाणी. मोकळीक नऊ शतांश मिलिमीटर, पुस्तकात असावी तशी.

मग पिस्टन उजेडात धरला. इंजिन न रुळवता पळवलं की पिस्टनच्या बाजूंवर उभे चरे पडतात, मांजराने ओरबाडल्यासारखे. ते पुसता येत नाहीत आणि काळाने जातही नाहीत. हा पिस्टन गुळगुळीत होता. सिलिंडर आतून घासून घेतात त्याला होनिंग म्हणतात; त्या नव्या होनिंगच्या बारीक तिरप्या रेषासुद्धा शाबूत होत्या.

"पळवलेली नाही," मी म्हणालो. "साठ नाही, पन्नासही नाही. ज्याने ही गाडी चालवली त्याने सांगितलेलं ऐकलं होतं."

वैशालीने नवऱ्याकडे बघितलं. सुहास उठून नळावर गेला आणि साबण लावून हात धुवायला लागला. त्याने सकाळपासून कशालाही हात लावला नव्हता.

परत आला तेव्हा म्हणाला, "मग जाम कशाने झालं?"

जाम झालं होतं ते क्रँकवरचं, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याच्यावरचं, मोठं बेअरिंग. ते कोरडं पडून निळं झालं होतं. ऑइलची टाकी मात्र खुणेपर्यंत भरलेली. म्हणजे घरात पाणी आहे, पण स्वयंपाकघराच्या नळाला येत नाही, अशी स्थिती. ऑइल पंपापासून त्या बेअरिंगकडे जाते ती वाट इंजिनाच्या उजव्या झाकणातून. त्या झाकणाच्या सगळ्या स्क्रूंवर पिवळ्या रेघा होत्या. मी एकेक तोडत गेलो.

कुकरच्या झाकणात रबरी रिंग असते, तसा इंजिनाच्या झाकणाखाली जाड कागद असतो. आम्ही त्याला पॅकिंग म्हणतो. कुकरच्या रिंगेला एकच काम, वाफ अडवायची. पॅकिंगला दोन. ऑइल बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि जिथे आतून वाट आहे तिथे भोकातून जाऊ द्यायचं. जुन्या गाड्यांची चांगली पॅकिंगं मिळत नाहीत, म्हणून हाताने बनवतात. कागद झाकणावर ठेवायचा आणि कडेकडेने छोट्या हातोडीने ठोकत जायचं. धातूची धारच कागद कापते. भोकावर बेअरिंगमधली गोळी ठेवून वरून ठोका दिला की कागदाची टिकली तुटून पडते.

तात्यांचं पॅकिंग मी ब्लेडने हळूहळू सोडवलं. इतकं सुबक कापलेलं पॅकिंग मी विकत आणलेलंही पाहिलं नाही. फक्त ऑइलच्या वाटेच्या भोकाशी मसुरीच्या डाळीएवढी टिकली एका बाजूने लोंबत होती. ती पूर्ण तुटली नव्हती. मागे दुमडली गेली होती. तात्यांनी पद्धतीप्रमाणे कागदाला दोन्ही बाजूंनी ग्रीस लावलं आणि दुमडलेली टिकली ग्रीसने चिकटून बसली. भोक उघडं दिसत होतं, कारण तेव्हा ते उघडंच होतं. इंजिन तापत गेलं, ऑइलने ग्रीस धुऊन नेलं, टिकली सुटली आणि दारासारखी लागली.

मी हे सगळं दोघांना टिकली बोटाने हलवून दाखवलं. सुहासने वाकून बघितलं. मला वाटलं आता तो म्हणेल, द्या ते पॅकिंग, घरी नेऊन दाखवतो. तो म्हणाला, "दादा, तात्यांना हे सांगायचं नाही."

"का?" वैशालीचा आवाज चढला. "इतकी वर्षं ऐकून घेतलंत ना? मी पण ऐकलंय."

"आपल्या टेबलावरून गेलेला पीस कधी परत आला नाही, हे ते नातवंडांना सांगतात. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या हातात मी आता हा परत देऊ?" मग माझ्याकडे वळून, "तुम्ही नवीन बेअरिंग टाकून गाडी जोडा. बेअरिंगच मुळात खराब निघालं असं सांगू."

मी म्हणालो, "मी आपणहून तुमच्या घरी जाऊन काही सांगणार नाही. पण कुणी समोर येऊन विचारलं तर मला दुसरं काही सांगता येणार नाही."

घरी कल्पनाला सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तो पोरगा बापाला वाचवतोय आणि बाप त्याला नालायक समजतोय. कुणीतरी त्या म्हाताऱ्याला गाळ्यावर आणा रे." आणणारा मी नव्हे, हे तिलाही माहीत होतं.

तात्या स्वतःच आले. जिन्याखालची जागा मोकळी दिसल्यावर त्यांनी सुनेला विचारलं होतं, आणि तिने फक्त माझा पत्ता सांगितला होता. बस बदलून, शेवटी शेअर रिक्षाने आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, आणि कानात घालायचं मशीनही खिशातच.

"रहाटणीची गाडी हितं हाय न्हवं?" गाळ्याच्या दारातूनच त्यांनी इतक्या मोठ्याने विचारलं, की शेजारच्या गाळ्यातला वेल्डर बाहेर आला.

"आहे तात्या. या, बसा."

"बसाया न्हाई आलो. पार्ट दाखव."

मी इंजिन उघडतो तेव्हा निघालेले भाग निघाले त्या क्रमाने मोठ्या ट्रेमध्ये मांडून ठेवतो. तात्यांनी ट्रेपुढे उभं राहून आधी सगळ्यावर एकदा नजर फिरवली. हात लावला नाही. मग पिस्टन उचलला, दारापाशी उजेडात नेला आणि गोल फिरवून बघितला. पुन्हा फिरवून बघितला. त्यावर अंगठा वरून खाली ओढला.

"चाळीसच्या वर न्हाई गेला," ते म्हणाले. या वेळी आवाज बारीक होता.

"नाही गेले."

"मग?"

मी ट्रेकडे बघितलं. ते ट्रेकडे परत आले आणि भागांवरून बोट नेत नेत पॅकिंगवर थांबले. उचलून ट्यूबलाइटकडे धरलं. उजेड सगळ्या भोकांतून आला, एका भोकातून अर्धाच. त्यांनी नखाने ती टिकली उघडली, सोडली, पुन्हा उघडली.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "तात्या, तुम्ही तपासलंत तेव्हा भोक उघडंच होतं. ग्रीसने टिकली मागे चिकटली होती. कुणालाही दिसली नसती."

"दुसऱ्याला दिसली असती." ते स्टुलावर बसले. "बनवलं कुणी? म्या. तपासलं कुणी? म्याच. कंपनीत म्या पोरांना काय शिकवायचो ठाव हाय? बनवणाऱ्यानं आपला पीस आपण पास करायचा न्हाई. त्याला आपलं काम गोडच दिसतं. समदा जन्म ह्योच नियम सांगितला, आन् घरच्या ओट्यावर इसरलो. घरात दुसरा तपासणारा होता की. बाजूलाच उभा असायचा, 'तात्या, मी बघू का?' म्हणायचा. म्या म्हणायचो, तू लांब हो, तुला काय कळतंय."

वेल्डर आपल्या गाळ्यात निघून गेला.

"सुहासला ठाव हाय व्हय हे?"

"आहे. तुम्हाला सांगू नका म्हणाले."

तात्यांनी मान खाली घातली आणि खिशातली पट्टी काढून तिच्यावरचे आकडे वाचत असल्यासारखे बघत राहिले. मी चहा आणायला गेलो आणि मुद्दाम लांबच्या टपरीवर गेलो. परत आलो तेव्हा ते उठून माझ्या कपाटातले पॅकिंगचे कागद अंगठ्याने चाचपत होते.

"ज्याचा फॉल्ट त्याचं रीवर्क," ते म्हणाले. "हातोडी दे."

त्यानंतर काही दिवस ते दुपारचे येत राहिले. हातात पूर्वीचा जोर नव्हता, म्हणून ठोके हलके पडायचे आणि वेळ लागायचा. मी क्रँक दाबून नवं बेअरिंग बसवत होतो, ते झाकणाच्या कडेने ठोकत होते. माझ्या कामातही त्यांचं लक्ष असायचं. "मिस्त्री, त्या क्लिपचं तोंड उलटं हाय." मी निमूट फिरवायचो. एकदा कल्पनाने डब्यात शेंगोळे पाठवले. ते खाऊन म्हणाले, "हे मातुर पास."

सुहासच्या सुट्टीच्या दिवशी मी त्याला फोन करून बोलावलं. कशाला ते सांगितलं नाही. गाळ्यात शिरला तर समोर तात्या. तो दारातच थांबला आणि आधी माझ्याकडे बघितलं, विश्वासघात झाल्यासारखं.

तात्यांनी काही प्रस्तावना केली नाही. तयार पॅकिंग दोन्ही हातांवर धरून पुढे केलं. "तपास."

"मी?"

"मग काय मिस्त्रीला सांगू? बनवलंय म्या. तपास तू."

सुहास चाकणला दिवसभर हेच करतो. पण त्या दिवशी पॅकिंग हातात घेताना त्याने आधी हात पँटला पुसले. उजेडाकडे धरलं. प्रत्येक भोकात बारीक सळई फिरवली. एका भोकाशी थांबला, सळई पुन्हा फिरवली. वडिलांकडे बघितलं आणि पुन्हा भोकाकडे. मला दिसत होतं की त्याचं काय चाललंय. कड जराशी धरून राहिली होती. चालून गेलं असतं. पास म्हटला असता तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं.

"तात्या," तो मोठ्याने म्हणाला, "ह्या भोकाची कड राहिलीय. रिजेक्ट."

तात्यांनी पॅकिंग घेतलं, भिंग मागितलं, बघितलं. मग भिंग माझ्या हातात दिलं आणि असे हसले, की मला त्यांच्या वरच्या दातांतली खिंड दिसली. "बराबर हाय. रिजेक्टच हाय. मिस्त्री, बघितलं का? दिसतंय त्याला. पोराची नजर हाय!"

दुसरा कागद घेतला. या वेळी सुहासने कागद धरला आणि तात्यांनी ठोकलं. टिकली टेबलावर पडली तेव्हा तात्यांनी ती उचलून तळहातावर ठेवून सुहासला दाखवली, सुहासने मान हलवली, मग पुढच्या भोकाकडे गेले. प्रत्येक भोकाला असंच. दुसरं पॅकिंग पास झालं. झाकण बसवलं, स्क्रू मी आवळले. तात्यांनी खिशातून पिवळा पेंट मार्कर काढला, टोपण उघडून टोक कागदावर टेकवून चालतो का बघितलं आणि सुहासपुढे धरला.

"तुमची खूण आहे तात्या."

"तपासलं कुणी?"

सुहासने एकेका स्क्रूवर रेघ ओढली. पहिली दोन-तीन वाकडी आली. तात्या खाली वाकून बघत होते आणि एकदाही 'सरळ ओढ' म्हणाले नाहीत. पंधरा वर्षांत कुणी कुणाची माफी मागितली नव्हती. माझ्यासमोर तरी नंतरही मागितली नाही.

गाडी चौथ्या किकला लागली. आवाज एकसारखा, मोकळा. सुहास वडिलांच्या तोंडाकडे बघत होता आणि तात्या कपाळाला आठ्या घालून इंजिनाकडे. त्यांना तो नीट ऐकू येत नव्हता. कानातलं मशीन लावलं तर नुसती खरखर, म्हणून त्यांनी ते काढून टाकलं. मी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. आतलं बेअरिंग ऐकायचं असेल तेव्हा आम्ही त्याचं टोक इंजिनावर टेकवतो आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतो. आवाज हाडातून आत जातो. तात्यांना हे शिकवायची गरज नव्हती. त्यांनी टोक झाकणावर टेकवलं, मूठ कानामागे दाबली, डोळे मिटले. गाडी चालू होती तितका वेळ तसेच वाकून उभे होते. मग सुहासला मान धरून खाली ओढलं आणि त्याच्या कानामागे मूठ लावली.

आता मी नव्या गाड्या बघतो. त्यांच्यात काही गेलं तर तो आख्खा भाग काढून दुसरा टाकतात. त्यांत पुढे कुणाचे हात सापडणार नाहीत, शिंप्याचे नाहीत, तात्यांचे नाहीत, आणि माझेही नाहीत. याची मला थोडी खंत वाटते. कल्पना म्हणते, बरंच आहे, तुमच्या चुका कुणी काढणार नाही.

त्या दिवशी निघताना तात्या मागच्या सीटवर बसले. वैशालीने फोनवर बजावलं होतं, त्यांना रिक्षाने पाठवा म्हणून, पण ते ऐकेनात. सुहासने गिअर टाकला आणि गाडी वसाहतीच्या रस्त्याला लागली. मी दारात उभा होतो. शिफ्ट सुटली होती. कामगारांच्या सायकली एकामागून एक त्यांच्या बाजूने पुढे जात होत्या. वळणाच्या जरा अलीकडे तात्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि त्यांचा तो मोठा आवाज माझ्यापर्यंत आला.

"आरं, जरा पळव की!"

सुहास मागे वळून काहीतरी ओरडला. मला ऐकू आलं नाही, तात्यांनाही आलं नसावं. पण गाडीचा वेग काही वाढला नाही.